दस्तऐवजाला जोडलेला ध्वनी

मुख्य पत्रासोबत दुसरा कागद धाडण्याची रीत मराठी लेखनव्यवहाराला नवी नाही. पेशवेकालीन पत्रव्यवहारातील 'पुरवणी' आणि आधुनिक कार्यालयीन पत्राखालील 'सोबत : वरीलप्रमाणे' ही नोंद एकाच गरजेतून निर्माण झाली आहेत. जोडलेल्या कागदाचा अर्थ मूळ पत्राच्या आधारे लागतो. हा संबंध तुटला की तो कागद मुका होतो. संगणकीय दस्तऐवजाला संचिका व ध्वनिमुद्रणे जोडण्याच्या इतिहासातही मध्यवर्ती प्रश्न हाच आहे.

१९८२ मध्ये निश्चित झालेल्या ई-मेलच्या मानकात संदेशाचा मजकूर 'आस्की' संहितेतील १२८ चिन्हांपुरता मर्यादित होता. त्यात ध्वनीला स्थान नव्हते, तसेच देवनागरीलाही नव्हते. संचिकेचे अक्षरचिन्हांत रूपांतर करण्याच्या युक्त्या १९८० पासून प्रचलित होत्या; परंतु संदेशात कोणत्या प्रकारची सामग्री आहे, हे सांगण्याची सर्वमान्य व्यवस्था नव्हती. ती नॅथॅनियल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनी जून १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'माइम' या मानकाने दिली. तत्पूर्वी, ११ मार्च १९९२ रोजी, बोरेनस्टाइन यांनी एका गायकचौकडीचे छायाचित्र आणि तिचे गायन जोडलेला संदेश पाठविला होता.

या मानकानुसार संदेशाचे भाग पाडले जातात व प्रत्येक भागावर त्याचा प्रकार नोंदविला जातो. ध्वनी वा चित्र यांच्या दर तीन बाइटांचे चार अक्षरचिन्हांत रूपांतर होते. त्यामुळे आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. १९९७ च्या मानकात जोडलेला भाग मजकुरातच दाखवावयाचा की स्वतंत्र संचिका म्हणून ठेवावयाचा, हे सांगण्याची सोयही झाली.

मराठीच्या दृष्टीने या घटनेला दुहेरी महत्त्व आहे. माइममुळे मजकुराची लिपिसंहिता घोषित करता येऊ लागली आणि १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश झालेला होता. तथापि युनिकोडचा वापर रूढ होण्यास दीर्घ काळ लागला. दरम्यान प्रत्येक फाँटची संकेतव्यवस्था निराळी असल्याने मराठी मजकूरच अनेकदा जोडलेली संचिका म्हणून प्रवास करीत असे. महाराष्ट्राबाहेरील अभ्यासकाकडे तो फाँट नसेल, तर संचिका पोचूनही लेख वाचता येत नसे.

ध्वनीच्या जोडणीचे मोल जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात स्पष्ट दिसते. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेण्यात आल्या. पुढे बेर्नार बेल यांच्या सहकार्याने त्यांची संगणकीय सूची आणि ध्वनिमुद्रणे सिद्ध झाली. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर यांतील ओव्या मजकूर, भाषांतर व आवाज यांसह प्रसिद्ध होऊ लागल्या. छापील ओवीत चाल नसते, गाताना होणारी शब्दांची पुनरावृत्ती नसते. 'चार' आणि 'चाक' यांतील 'च'चे भिन्न उच्चारही देवनागरी वेगळे दाखवीत नाही. हे सर्व ध्वनिमुद्रणात टिकते.

मात्र ध्वनिमुद्रण म्हणजे संपूर्ण ध्वनी नव्हे. माइमच्या आरंभीच्या ध्वनिप्रकारात दर सेकंदाला ८००० नमुने घेतले जात. दूरध्वनीच्या संभाषणाला ते पुरेसे होते. परंतु ४००० हर्ट्झच्या वरील कंप्रता त्यात सामावत नसल्याने 'स'सारख्या घर्षक ध्वनींचा मोठा अंश गळत असे. बोलीच्या अभ्यासकाला नेमका तोच अंश हवा असतो.

दस्तऐवजाची प्रत काढताना वा त्याचे रूपांतर करताना पहिला आघात या जोडणीवर होतो. मजकूर उरतो, आवाज गळतो; किंवा आवाज उरतो आणि तो कोणाचा, कोठला, कधीचा, हे सांगणारा मजकूर हरवतो. म्हणून मजकुरात ध्वनिमुद्रणाचा क्रमांक आणि ध्वनिसंचिकेसोबत गाणारीचे नाव, गाव व दिनांक, अशी दुतर्फा नोंद राखणे हे संग्राहकाचे प्राथमिक कर्तव्य ठरते. ती नोंद नसेल, तर आवाज जतन होऊनही गाणारी अनामिक राहते.