‘वेंधळे’ मूल आणि व्यवसायोपचार

प्रत्येक वर्गात असे एखादे मूल असते. तोंडी उत्तरे चटकन देते, पण वही अर्धी कोरी. पेन्सिल इतकी दाबते की टोक मोडते. बटणे लावताना बोटे अडखळतात, चेंडू हातातून निसटतो. ‘वेंधळा’, ‘आळशी’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो.

या शेऱ्यापलीकडे पाहायला वैद्यकालाही वेळ लागला. व्यवसायोपचार या शाखेची पहिली संस्था अमेरिकेत १९१७ साली स्थापन झाली. महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना पुन्हा कामाला लावणे हे तिचे सुरुवातीचे मोठे काम. येथे ‘व्यवसाय’ म्हणजे केवळ नोकरी-धंदा नव्हे, तर माणसाची रोजची सारी कामे. मुलाचा व्यवसाय म्हणजे जेवणे, कपडे घालणे, खेळणे आणि लिहिणे. आपल्याकडे मूळच्या अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विषयाचे देशातील पहिले विद्यालय सुरू केले.

१९६२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने अशा ‘वेंधळ्या’ मुलांवर संपादकीय लिहिले. पुढे १९७२ साली जीन एअर्स या अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंनी पुस्तकातून एक विचार मांडला. कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय, त्वचा, स्नायू आणि सांधे यांच्याकडून येणाऱ्या संवेदनांची मेंदूत नीट सांगड बसली नाही, तर शिकणे अडते. त्यांच्या उपचारपद्धतीच्या परिणामांविषयी आजही वाद आहे. मात्र हालचालींच्या समन्वयातील अडचण ही आता मान्य गोष्ट आहे. पाच ते अकरा वर्षांच्या शंभर मुलांत सुमारे पाच-सहा जणांना ती असते.

मग शिक्षकांनी काय पाहावे? एखाद्या खुणेवरून काहीच ठरत नाही. पण अनेक खुणा एकत्र दिसत असतील, त्या महिनोन् महिने टिकत असतील, समवयस्कांच्या मानाने मूल बरेच मागे असेल आणि त्याची रोजची कामे अडत असतील, तर पालकांशी बोलावे. आधी डोळे व कान तपासून घ्यावेत, मग बालरोगतज्ज्ञ आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ यांचा सल्ला घ्यावा. पूर्वी येत असलेली गोष्ट येईनाशी झाली, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे पाठवावे.

प्रयोगशाळेत आम्ही निरीक्षणाआधी निष्कर्ष लिहीत नाही. वर्गातही तारीख घालून चार निरीक्षणे आधी टिपावीत. मूल करत नाही, की त्याला करता येत नाही, हे त्यांतूनच उलगडू लागेल.