झाअमुरेत्स ते ऑर्लिक : महायुद्ध संपलं, पण ही चिलखती गाडी थांबली नाही

तुमच्यापैकी कुणी 'बॅटलफील्ड वन' खेळलं असेल तर चिलखती रेल्वे म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. सामना हातातून निसटायला लागला की तोफा लावलेली अख्खी आगगाडी मदतीला येते. मला पहिल्यांदा वाटलं होतं की हे गेमवाल्यांनी जरा जास्तच केलंय. मग खऱ्या चिलखती गाड्यांबद्दल वाचायला बसलो आणि त्यातल्या एकीने मला अडकवून ठेवलं. ओडेसात बांधली, सिंबिर्स्कला पकडली गेली आणि मांचुरियात जाऊन संपली. मध्ये मालक इतके बदलले की मोजताना माझा एकदा गोंधळ झाला.

तिचं पहिलं नाव झाअमुरेत्स. रशियन भाषेत याचा अर्थ 'अमूर नदीपलीकडचा'. नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आधी मशीन बघू

पहिल्या महायुद्धातली साधी चिलखती गाडी म्हणजे वाफेचं इंजिन आणि त्याच्या पुढे-मागे पोलादी पत्र्यांनी झाकलेल्या वाघिणी. यात सगळ्यात मोठी भानगड इंजिनाची. धूर लांबून दिसतो, थोड्या थोड्या अंतरावर पाणी भरावं लागतं आणि बॉयलरमध्ये एक गोळा घुसला की गाडी जागेवर उभी. झाअमुरेत्स रशियन सैन्याच्या रेल्वे तुकडीने १९१६ साली ओडेसाच्या वर्कशॉपमध्ये तयार केली, आणि तिच्यात या भानगडीवर उत्तर काढलं होतं. ती गाडी नव्हतीच खरं तर, स्वतःच्या पेट्रोल इंजिनांवर पळणारा एकच मोठा चिलखती डबा होता. वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास. वर दोन फिरते बुरूज, प्रत्येकात ५७ मिलिमीटरची एक तोफ. तोफांची तोंडं इतकी वर उचलता येत की विमानावरही मारा करता यायचा. शिवाय आठ मशीनगन, पेरिस्कोप, अंतर मोजायची यंत्रं आणि आतल्या आत बोलायला टेलिफोन. १९१६ च्या मानाने हा फ्लॅगशिप मॉडेलच म्हणायचा.

हातोहात

१९१७ च्या क्रांतीनंतर ती बोल्शेविकांकडे गेली. आंद्रेई पोलुपानोव नावाच्या खलाशाच्या तुकडीने तिच्याभोवती एक पूर्ण चिलखती गाडी उभी केली आणि नाव ठेवलं 'स्वातंत्र्य किंवा मृत्यू'. १९१८ च्या जुलैत व्होल्गाकाठचं सिंबिर्स्क, म्हणजे आजचं उल्यानोव्स्क, पडलं तेव्हा ती चेकोस्लोवाक लीजनच्या हाती लागली. त्यांनी तिचं बारसं केलं, ऑर्लिक, म्हणजे छोटा गरुड. ५७ मिलिमीटरच्या तोफा जाऊन त्यांच्या जागी ७६.२ मिलिमीटरच्या रशियन तोफा आल्या. मोटर-डबा, चिलखती इंजिन आणि तोफांच्या वाघिणी असं सगळं मिळून ऑर्लिक झाली.

आता ही लीजन म्हणजे कोण? चेक आणि स्लोवाक लोक तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीचे प्रजाजन होते. रशियात राहणारे आणि रशियाने युद्धकैदी केलेले असे हजारो चेक-स्लोवाक आपल्याला स्वतंत्र देश मिळेल या आशेने रशियाच्या बाजूने लढले. रशिया युद्धातून बाहेर पडला आणि हे लोक मधेच लटकले. घर पश्चिमेला, पण मध्ये जर्मन सैन्य. मग ठरलं की ट्रान्स-सायबेरियन रेल्वेने उलट्या दिशेला व्लादिवोस्तोकपर्यंत जायचं आणि तिथून बोटीने अर्ध्या जगाला वळसा घालून फ्रान्स गाठायचं. १९१८ च्या मे महिन्यात बोल्शेविकांशी त्यांचं बिनसलं, बंदुका निघाल्या आणि बघता बघता पन्नास-साठ हजार माणसं हजारो किलोमीटरच्या एका रेल्वेमार्गावर पसरली.

युद्ध संपलं, मग लढाई कसली?

२८ ऑक्टोबर १९१८ ला प्रागमध्ये चेकोस्लोवाकिया जाहीर झाला. ११ नोव्हेंबरला महायुद्ध थांबलं. म्हणजे या पोरांना हवा होता तो देश मिळाला होता, ज्या युद्धासाठी ते फ्रान्सला निघाले होते ते उरलंच नव्हतं, आणि ते स्वतः सायबेरियात. व्लादिवोस्तोकहून शेवटच्या बोटी सुटल्या त्या १९२० च्या सप्टेंबरात. या मधल्या जवळजवळ दोन वर्षांत ऑर्लिकने जे काम केलं, ते मला तिच्या सगळ्या लढायांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

१९१९ च्या सुरुवातीला लीजन उरलमधल्या आघाडीवरून मागे आली आणि मित्रराष्ट्रांनी तिला रेल्वेची राखण करायचं काम दिलं. ऐकायला हे वॉचमनचं काम वाटतं. पण नकाशा बघा. सायबेरियात दुसरा रस्ताच नाही. अन्न, दारूगोळा, जखमी, घरी जाणारे सैनिक, सगळं याच एका लाइनवरून. जंगलातल्या पार्टिझन टोळ्यांना मोठी लढाई जिंकायची गरजच नव्हती. रात्रीत दोन रूळ उखडले किंवा एक लाकडी पूल जाळला की मागच्या सगळ्या गाड्या थंडीत उभ्या. बैकाल सरोवराच्या काठचे बोगदे तर फारच नाजूक जागा. १९१८ मध्ये बोल्शेविकांनी त्यातला एक उडवला होता आणि तो मोकळा करण्यात आठवडे गेले होते.

अशा ठिकाणी चिलखती गाडी उपयोगी पडते ती तोफेपेक्षा वेगाने पोहोचण्यामुळे. हल्ल्याची तार आली की निघायचं. अशा गाड्यांच्या पुढे सहसा एक-दोन उघड्या वाघिणी ढकलत नेतात. सुरुंग असला तर आधी तो त्यांच्याखाली फुटतो, आणि त्यांच्यावरच सुटे रूळ, स्लीपर, हत्यारं लादलेली असतात. तोफा आजूबाजूचं जंगल गप्प करतात आणि तेवढ्या वेळात कामगार उतरून लाइन जोडतात. म्हणजे अर्धी तोफखाना, अर्धी दुरुस्तीची गाडी. गेममध्ये हा दुसरा अर्धा भाग कुणी दाखवत नाही!

१९२० मध्ये लीजन मांचुरियामार्गे व्लादिवोस्तोककडे निघाली. एप्रिलमध्ये हायलार स्टेशनावर जपान्यांशी चकमक झाली आणि त्यांनी ऑर्लिक ताब्यात घेतली. गंमत म्हणजे कागदावर जपान आणि चेकोस्लोवाक एकाच बाजूचे होते. बोलाचाली होऊन गाडी परत मिळाली आणि ती व्लादिवोस्तोकला पोहोचली. माणसं बोटीत बसली. ऑर्लिक मागे राहिली.

चार्जर जुळणं महत्त्वाचं

एवढी महागडी वस्तू घरी का नेली नाही? वजन आणि बोटीतली जागा हे तर आहेच, पण त्याहून मोठी अडचण गेजची, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची. रशियन गेज १५२४ मिलिमीटर आणि चेकोस्लोवाकियातलं १४३५. टाइप-सी चार्जर घेऊन जुन्या पिनच्या फोनसमोर बसण्यातला प्रकार. (आपल्याकडचा ब्रॉडगेज १६७६ चा, म्हणजे इथेही ती चालली नसती.)

हाच गेज दुसऱ्या बाजूने मात्र तिच्या कामी आला. मांचुरियातून जाणारी चायनीज ईस्टर्न रेल्वे रशियानेच बांधलेली, आपल्याच गेजवर. जमीन चीनची, रूळ रशियन मापाचे. म्हणून ओडेसात बांधलेला डबा चाकं न बदलता हार्बिनपर्यंत जाऊ शकत होता. लीजननंतर ऑर्लिक रशियातल्या बोल्शेविकविरोधी व्हाइट सैन्याकडे गेली. १९२२ च्या ऑक्टोबरात त्यांच्या हातून व्लादिवोस्तोक गेलं, तेव्हा गाडी याच रुळांवरून सरहद्द ओलांडून मांचुरियात आली आणि झांग झुओलिन या चिनी सरदाराच्या गटाकडे गेली. त्याच्या फौजांत चिलखती गाड्या चालवायला पळून आलेले रशियनच होते. मशीनसोबत ते चालवायचं डोकंही बाजारात आलं होतं, असं म्हणा ना.

आता नावाकडे येऊ. ज्या झाअमूर रेल्वे तुकडीवरून या डब्याला पहिलं नाव मिळालं, ती तुकडी मुळात याच चायनीज ईस्टर्न रेल्वेसाठी उभी केलेली होती. महायुद्धात तिला तिथून उचलून पश्चिमेच्या आघाडीवर नेलं, तिथे तिने हा डबा बांधला. म्हणजे 'अमूरपलीकडचा' हे नाव घेतलेला डबा अमूरपासून हजारो किलोमीटर लांब जन्मला आणि चार-पाच मालक करून शेवटी खरोखर अमूरपलीकडे पोहोचला. हे कुणी ठरवून केलेलं नाही. १५२४ मिलिमीटरचे रूळ जिथपर्यंत होते तिथपर्यंत तो सरकत गेला. चांगचुनच्या दक्षिणेला जपानच्या ताब्यातली लाइन १४३५ ची होती.

सप्टेंबर १९३१ मध्ये जपानने मांचुरिया घ्यायला सुरुवात केली आणि आपल्या डब्याचा माग तिथेच संपतो. चार वर्षांनी, १९३५ मध्ये, सोव्हिएत रशियाने ती रेल्वे विकली आणि हार्बिन-चांगचुन मार्गाचे रूळसुद्धा १४३५ वर आणले गेले.

ऑर्लिकचे फोटो मात्र बरेच आहेत, शोधले तर लगेच सापडतील. त्यात दोन बुरूज आणि बाजूने मशीनगनची तोंडं दिसली की समजा हीच. आणि कधी प्रागला गेलात तर 'लेगिओव्लाक' कुठे उभी आहे ते बघा. लीजनच्या गाड्यांसारखे डबे जोडून केलेलं हे फिरतं संग्रहालय चेक आणि स्लोवाक स्टेशनांवर थांबत जातं. अर्थात, १४३५ च्या रुळांवरून.