ग्रहणाचे गणित : मदिना, काथ आणि बगदाद

१६ फेब्रुवारी १९८० चा दिवस आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल. कर्नाटक-आंध्रातून खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा गेला आणि महाराष्ट्रात ते खंडग्रास दिसले. त्या दिवशी आपल्याही मोहल्ल्यांत कित्येकांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या. गरोदर लेकीसुनांना सुरी-कात्रीला हात लावू दिला नाही. काही घरांत अजूनही हेच चालते. पालकहो, या भीतीला आपल्या दीनमध्ये आधार कोणता, हे आपण कधी विचारून पाहिले आहे काय?

आधार तर नाहीच, उलट स्पष्ट नकार आहे. हिजरी सन १० मध्ये मदिनेत हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांचे तान्हे पुत्र हजरत इब्राहीम यांचे निधन झाले आणि त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले की या दुःखाने सूर्यही काळवंडला. शोकात बुडालेल्या पित्याने ही समजूत तेथल्या तेथे दूर केली. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. ग्रहण लागले तर नमाज पढावी, दुआ मागावी, एवढेच त्यांनी सांगितले. आजच्या गणिताने ते ग्रहण २७ जानेवारी ६३२ चे, म्हणजे शव्वाल महिन्याच्या अगदी अखेरचे ठरते.

विद्यार्थी मित्रांनो, ही ‘महिन्याची अखेर’ ध्यानात ठेवा. आपला महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो. त्याच्या एक-दोन दिवस आधी चंद्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून जातो. सूर्यग्रहण लागले तर तेव्हाच लागणार. चंद्रग्रहण महिन्याच्या मध्यावर, चौदा-पंधरा तारखेच्या सुमारास. मग दर महिन्याला ग्रहण का नाही? कारण चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला सुमारे ५ अंशांनी तिरपी आहे. दोन्ही वाटा दोनच ठिकाणी एकमेकींना छेदतात. पंचांगात या बिंदूंना राहू आणि केतू म्हणतात. अरब ज्योतिर्विद त्यांना ‘रास’ म्हणजे डोके आणि ‘जनब’ म्हणजे शेपूट म्हणत. सूर्य साधारण १७३ दिवसांनी यांपैकी एका बिंदूपाशी येतो आणि ग्रहणाचा मोसम तेवढ्यापुरताच असतो. म्हणून कोणत्याही वर्षात सूर्यग्रहणे किमान दोन होतात, आणि दोन्ही प्रकारची मिळून सातांपेक्षा अधिक कधीच होत नाहीत.

येणाऱ्या वर्षाची ग्रहणे काढायची तर सूर्य, चंद्र आणि हे बिंदू यांची रोजची सरासरी चाल हवी आणि त्या चालीतील कमीअधिकपणाची दुरुस्ती हवी. ही कोष्टके ज्या ग्रंथांत असत त्यांना ‘झीज’ म्हणत. बगदादच्या पंडितांनी ही विद्या ग्रीक टॉलेमीकडून घेतली, तशीच आठव्या शतकात आपल्या भारतातील ब्रह्मगुप्ताच्या सिद्धांतावरूनही घेतली. शिकताना गुरू कोणत्या धर्माचा, हे त्यांनी पाहिले नाही.

या गणितावर विसंबून काय करता येते, ते आता पाहा. काथ हे ख्वारिज्मचे जुने शहर. आज उझबेकिस्तानात त्या जागी बेरूनी नावाचे गाव आहे, आणि ते नाव ज्यांच्यावरून पडले ते अबू रैहान अल्-बेरूनी ९९७ साली जेमतेम चोवीस वर्षांचे होते. बगदादला होते अबुल वफा अल्-बूझजानी, साठीच्या उंबरठ्यावरचे नामांकित गणिती. २४ मे ९९७ च्या रात्री चंद्रग्रहण होणार हे दोघांनाही ठाऊक होते. आपापल्या गावी ते पाहायचे आणि वेळ नोंदवायची, असे दोघांनी आधीच ठरवून ठेवले. तार नाही, टेलिफोन नाही. भरवसा फक्त गणिताचा. हिजरी ३८७ चा जमादिलअव्वल महिना मध्यावर आला होता. ग्रहण ठरल्याप्रमाणे लागले.

चंद्रग्रहण जेथून जेथून दिसते तेथे ते एकाच क्षणी लागते, परंतु प्रत्येक गावचा स्थानिक वेळ वेगळा. दोघांच्या नोंदींत सुमारे एका तासाचा फरक निघाला. एक तास म्हणजे १५ अंश रेखांश. आजच्या नकाशावर हे अंतर सोळा अंशांहून थोडे अधिक भरते. घड्याळाशिवाय केलेल्या कामात एवढीच चूक! अबुल वफा पुढच्याच वर्षी वारले. बेरूनींनी ही हकीकत १०२५ साली गझनीत पूर्ण केलेल्या ‘तहदीद’ या ग्रंथात नोंदवली. शहरांचे अक्षांश-रेखांश नक्की करणे हा त्या ग्रंथाचा विषय, आणि गझनीहून किबल्याची दिशा काढणे हा त्यातील एक हेतू. म्हणजे ग्रहणाच्या गणिताचा उपयोग थेट नमाजेसाठी झाला.

याच ग्रंथात बेरूनी सांगतात की तरुणपणी सूर्यग्रहणे पाहून त्यांची नजर अधू झाली. मुलांनो, हा भाग दोनदा वाचा. ग्रहण जरूर पाहावे, पण त्यासाठी बनवलेला खास चष्मा लावूनच.

त्याच काळात कैरोला इब्न युनुस यांनी ९७७ आणि ९७८ ची सूर्यग्रहणे वेळेसह टिपून ठेवली. पावणेआठशे वर्षांनी, १७४९ साली, इंग्लंडच्या रिचर्ड डन्थॉर्नने चंद्राची गती बदलते काय हे तपासताना त्याच नोंदी वापरल्या.

आता एक हिशेब तुम्हीच करून पाहा. चंद्राचे २२३ महिने, म्हणजे १८ वर्षे, ११ दिवस आणि सुमारे ८ तास लोटले की तशाच जातीचे ग्रहण पुन्हा येते. त्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून ते पश्चिमेकडे सरकून दिसते. २२ जुलै २००९ चे खग्रास ग्रहण सुरत, भोपाळ, पाटणा या वाटेने गेले होते. त्यात १८ वर्षे आणि ११ दिवस मिळवा. उत्तर येते २ ऑगस्ट २०२७, सफर महिन्याची अखेर. त्या दिवशी खग्रास ग्रहणाची सावली स्पेन आणि इजिप्त ओलांडून मक्का शरीफवरून जाईल. तेथे भर दुपारी सुमारे पाच मिनिटे सूर्य पूर्ण झाकलेला राहील. आपल्याकडे दुपारनंतर तो थोडासा कोरलेला दिसेल, पावसाळी ढगांनी वाट दिली तर.