तार आणि नाका

तारनाका हे हैदराबादेतील वस्तीचे नाव मराठी माणसाला उलगडून सांगावे लागत नाही. त्यातील दोन्ही शब्द त्याच्या घरचेच आहेत. निजामी अमलात येथे आंब्याची बाग होती, तिला काटेरी तारेचे कुंपण होते आणि कुंपणापाशी पहाऱ्याची चौकी होती, त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता; तेव्हा उस्मानिया विद्यापीठात शिकावयास येणाऱ्या तिकडील विद्यार्थ्यांच्या परिचयाचा हा परिसर. आज विद्यापीठाखेरीज रासायनिक तंत्रज्ञान, पोषण, भूभौतिकी अशा विषयांच्या राष्ट्रीय संस्था या भागात आहेत आणि त्यांचे काम संगणकांच्या जाळ्यावाचून चालत नाही.

हे जाळे म्हणजे तरी एका अर्थी तार आणि नाकाच. तार संगणकांना जोडते. त्यांपैकी कोणावर पहारा ठेवावयाचा आणि कोणाला वगळावयाचे, हे मात्र नाक्यावरची यादी ठरविते. श्रोतेहो, तारेचा इतिहास पुष्कळांनी सांगितला आहे; आज या यादीचा थोडासा इतिहास पाहू.

जाळ्यात सामील झालेल्या संगणकास ‘यजमान’ म्हणण्याचा प्रघात आहे. अमेरिकेत १९६९ साली अर्पानेट हे जाळे सुरू झाले, तेव्हा असे यजमान अवघे चार होते. त्यांची नावे कोणासही तोंडपाठ सांगता आली असती. पण यजमान वाढले आणि प्रत्येक ठिकाणचे लोक दुसऱ्यांना आपल्या सोयीची नावे देऊ लागले. सर्वांनी एकच नाव वापरावे, अशी सूचना पेगी कार्प यांनी १९७१ साली मांडली. पुढे १९७४ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सर्वांसाठी एक अधिकृत यादी ठेवली जाऊ लागली. एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालील कचेरी ती सांभाळीत असे. नवा यजमान आला की त्या कचेरीस कळवावयाचे आणि इतरांनी सुधारलेली यादी उतरवून घ्यावयाची, असा क्रम होता. जाळे पसरले तसा हा क्रम अपुरा पडू लागला. यादी हाती येईपर्यंतच ती शिळी झालेली असे. अखेर १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावांचा कारभार वाटून देणारी व्यवस्था आखली. ज्याचा मुलूख, त्याने त्याची नोंदवही ठेवावी, असे तिचे सूत्र होते.

आपल्याकडे १९८६ साली अर्नेट हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला. मुंबईत जुहूला असलेली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही संस्था त्यात अग्रभागी होती, आणि भारताच्या नावांची नोंदवहीदेखील पुष्कळ वर्षे तिच्याच हाती होती. म्हणजे देशाचा हा नाका काही काळ मराठी मुलखातच होता.

कारभार वाटला गेला, तरी यादी काही संपली नाही. १९८३ च्या डिसेंबरात माइक म्यूस यांनी ‘पिंग’ नावाची छोटीशी आज्ञावली लिहिली. ती दूरच्या यजमानास हाक मारते आणि ओ येते की नाही ते पाहते. एकास हाक मारणे सोपे. परंतु दर पाच मिनिटांनी शंभरांना मारावयाची, तर नावांची यादी हवीच. ती यादी ओळीओळीने वाचणारी आज्ञावली म्हणजे आजचा पहारेकरी होय.

यादी मात्र जशीच्या तशी त्याच्या हाती देता येत नाही. ती आधी सुपात घेऊन पाखडावी लागते. तिच्यात रिकाम्या ओळी असतात. १२७.०.०.१ असा स्वतःचाच पत्ता असतो. त्यास हाक मारणे म्हणजे आरशास क्षेमकुशल विचारणे. एकाच यजमानाची दोन नावे असतात. केवळ नमुन्यादाखल लिहिलेल्या, ज्यांच्यामागे यंत्रच नाही, अशाही नोंदी असतात. हे फोल राहिले, तर पहारेकरी नसलेल्यांच्या नावाने ओरडत राहतो, आणि ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतल्याप्रमाणे लोक त्याचे ऐकेनासे होतात.

याहून वाईट प्रकार उलटा आहे. नोंद तात्पुरती बाजूस ठेवावयाची, तर ओळीच्या आरंभी दोन उभ्या व दोन आडव्या रेघांचे चिन्ह घालतात. मग आज्ञावली ती ओळ ओलांडून जाते. दुरुस्तीपुरते घातलेले हे चिन्ह काढावयाचे राहिले, तर ते यंत्र पुढे खरोखर बंद पडले तरी कोणास कळत नाही. फोलाबरोबर दाणाही गेला, आणि गेल्याचा आवाजदेखील झाला नाही!

हे किरकोळ वाटेल. परंतु तारनाक्यानजीकच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे उदाहरण घ्या. १९६१ साली स्थापन झालेल्या या संस्थेने आपल्या कोयना-वारणा परिसरात भूकंपमापकांचे जाळे उभारले आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का आणि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना अशा यंत्रांचे मोल सांगणे नको. यंत्राकडून काहीच येत नसेल, तर त्याचे दोन अर्थ संभवतात: भूमी स्वस्थ आहे, किंवा यंत्र मुके झाले आहे. या दोहोंतील भेद पहारेकरीच सांगू शकतो; आणि तोही, ते नाव त्याच्या यादीत असेल तरच.

म्हणून जाणते लोक यादी गाळताना दोन पथ्ये पाळतात. वगळलेल्या प्रत्येक नावापुढे तारीख आणि कारण लिहितात. आणि किती नावे राहिली एवढेच न मोजता किती गळली, तेही रोज मोजतात. शाळेच्या हजेरीपटावर गैरहजर मुलाची खूण दिसते, पण पटावरून नावच कमी झालेल्या मुलाची चौकशी मास्तर करीत नाहीत. संगणकांच्या जाळ्याचीही गोष्ट तीच आहे. पहारा किती कडक आहे हे पाहण्यापूर्वी, तो कोणाकोणावर आहे आणि कोणावर नाही, हे एकदा विचारून घ्यावे.