धमकीपेक्षा घरच्यांची भीती मोठी

दहावीतला मुलगा. अभ्यासात बरा, मित्रमंडळीत रमणारा. एके रात्री इन्स्टाग्रामवर एका अनोळखी मुलीच्या नावाने मैत्रीची विनंती येते. ओळखीच्या दोन-चार मित्रांची नावे तिच्या यादीत दिसतात, म्हणून तो विनंती स्वीकारतो. गप्पा रंगतात. तासाभराने 'ती' स्वतःचे म्हणून एक नग्न छायाचित्र पाठवते आणि त्याच्याकडेही तसेच मागते. तो पाठवतो. पुढच्याच मिनिटाला भाषा बदलते. 'पाच हजार रुपये पाठव, नाहीतर हा फोटो तुझ्या सगळ्या मित्रांना आणि आईवडिलांना जाईल.' सोबत त्याच्याच मित्रयादीचे चित्र असते.

हा मुलगा काल्पनिक आहे. गुन्ह्याची पद्धत मात्र काल्पनिक नाही. लैंगिक स्वरूपाच्या छायाचित्राच्या आधारे उकळलेल्या या खंडणीला 'सेक्स्टॉर्शन' असे नाव पडले आहे. पलीकडे बहुतेक वेळा ती मुलगी नसतेच; असतो तो खंडणीखोर, आणि तो एकाच वेळी अनेकांशी असाच संवाद साधत असतो. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या 'एफबीआय'ने पालकांना जाहीर इशारा दिला. त्या देशात अशा प्रकारांना किमान तीन हजार अल्पवयीन बळी पडले होते, त्यात मुलग्यांची संख्या अधिक होती आणि डझनाहून अधिक मुलांनी आपले जीवन संपवले होते. 'मुलीचीच काळजी घ्यायला हवी, मुलग्याला काय होणार' हा समज किती घातक आहे, हे यावरून ध्यानात यावे.

भीती हेच भांडवल

खंडणीखोराच्या हाती असलेले छायाचित्र हे त्याचे अर्धेच शस्त्र. उरलेले अर्धे शस्त्र म्हणजे 'घरी कळले तर काय होईल' ही मुलाच्या मनातली धास्ती. मूल गप्प राहते तोवर त्याचा धंदा चालतो. पैसे दिल्याने हा ससेमिरा सुटत नाही. उलट हे मूल पैसे देऊ शकते, एवढेच त्याला समजते आणि मागणी वाढते. आता तर मुलाने काहीही पाठवलेले नसतानाही समाजमाध्यमावरील त्याच्या साध्या छायाचित्रावरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने बनावट नग्न चित्र तयार केले जाते. 'आमचे मूल असे काही करणारच नाही' हा विश्वासही त्यामुळे पुरेसा ठरत नाही.

पहिल्या दिवशी काय करावे?

* मुलाने सांगितल्यावर प्रथम त्याला धीर द्यावा. 'तू असे का केलेस?' हा प्रश्न नंतरही विचारता येईल.
* पैसे देऊ नयेत. आणखी छायाचित्रेही पाठवू नयेत. विनवण्या करत बसू नये.
* संभाषण पुसून टाकू नये. धमक्यांचे संदेश, खात्याचे नाव व दुवा, दूरध्वनी क्रमांक, पैसे मागितलेला यूपीआय क्रमांक यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. मग त्या खात्याची तक्रार संबंधित संकेतस्थळाकडे करावी आणि त्यानंतर ते ब्लॉक करावे.
* मुलाचे ते छायाचित्र पुरावा म्हणूनही नातेवाईक, शिक्षक किंवा परिचितांना पाठवू नये. ते पुढे पाठवणे हाच गुन्हा ठरू शकतो. ते मूळ फोनमध्येच राहू द्यावे आणि फोन पोलिसांना दाखवावा.
* पैसे दिले गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितक्या लवकर कळेल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक.
* लेखी तक्रार 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या राष्ट्रीय पोर्टलवर अथवा जवळच्या पोलिस ठाण्यात करता येते.
* मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी दिवसरात्र सुरू असते. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या या क्रमांकावर मूल स्वतःही दूरध्वनी करू शकते.
* मूल खचले असेल, जीव देण्याची भाषा करत असेल, तर त्याला एकटे सोडू नये. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशन विनामूल्य मिळते.

छायाचित्राचा प्रसार थांबतो का?

बऱ्याच प्रमाणात थांबवता येतो. अमेरिकेतील 'नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन' या संस्थेने २०२३ मध्ये 'टेक इट डाउन' ही सेवा सुरू केली. अठरा वर्षांखालील वयात काढलेल्या छायाचित्रासाठी ती भारतातूनही वापरता येते. छायाचित्र कोठेही पाठवावे लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक क्रमांक, म्हणजे जणू बोटाचा ठसा तयार होतो आणि तेवढाच संस्थेकडे जातो. फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारखी सहभागी संकेतस्थळे त्या ठशाशी जुळणारे चित्र शोधून काढून टाकतात. नाव सांगण्याची सक्ती नाही. मात्र, व्हॉट्सअ‍ॅपसारख्या कूटबद्ध संदेशसेवेत या उपायाचा उपयोग होत नाही.

कायदा कोणाच्या बाजूने?

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा 'पॉक्सो' कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी दोघांनाही त्याचे संरक्षण आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार बालकांचे अश्लील चित्रण प्रसारित करणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीसाठी सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. असे चित्रण पाहणे व जवळ बाळगणेही गुन्हा ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले. वर्गातल्या एखाद्या मुलीचा फोटो 'गंमत म्हणून' ग्रुपवर टाकणाऱ्या मुलांनाही हे वेळीच समजावून सांगायला हवे.

पोलिस ठाण्याची पायरी चढायची म्हणजे बदनामी, या विचाराने अनेक कुटुंबे मागे फिरतात. 'पॉक्सो'मध्ये याचा विचार केलेला आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. त्या वेळी आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत असते. रात्री मुलाला पोलिस ठाण्यात ठेवता येत नाही. त्याची ओळख प्रसिद्ध करण्यास प्रसारमाध्यमांना मनाई आहे. दुसरीकडे, अशा गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्यामुळे शाळेच्या नावाला बट्टा लागेल म्हणून प्रकरण दडपणाऱ्यांनाही कायदा मोकळे सोडत नाही.

आधीच बोलून ठेवावे

मुलांच्या हातून फोन काढून घेणे हा सोपा उपाय वाटतो. पण फोन जाण्याच्या भीतीनेच मुले संकट लपवतात. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. अशा बंदीची चर्चा होत राहील. तोवर घरात करण्यासारखे बरेच आहे. मुलाचे खाते खासगी ठेवावे, मित्रयादी इतरांना दिसणार नाही अशी व्यवस्था करावी, रात्री सर्वांचेच, म्हणजे पालकांचेही फोन बैठकीच्या खोलीत ठेवावेत.

यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे एक वाक्य. जेवताना, प्रवासात, सहज बोलता बोलता ते मुलाच्या कानावर घालावे : 'तुझ्याकडून कितीही मोठी चूक झाली, तरी आधी आम्हाला सांग. आम्ही रागावू, पण तुला एकटे सोडणार नाही.' हे वाक्य ज्याने घरी ऐकले आहे, त्या मुलाला धमकावणे खंडणीखोराला अवघड जाते.