खिशातील कॅमेरा आणि चित्रकथनाची शिस्त

साधन स्वस्त झाले की कला सर्वांची होते, असा समज चलत्चित्राच्या इतिहासाविषयी रूढ आहे. तो निराधार नाही. परंतु अपुरा आहे. चित्र घेण्याचा अधिकार आणि चित्रांतून गोष्ट सांगण्याचे सामर्थ्य या दोन भिन्न बाबी होत. पहिली किमतीबरोबर सुलभ होत गेली. दुसरीचा इतिहास निराळा आहे.

कोडॅक कंपनीने १९२३ मध्ये १६ मिलिमीटर फिल्म आणली. १९३२ मध्ये, आर्थिक मंदीच्या काळात, त्याच रुंदीची फिल्म कॅमेऱ्यातून दोनदा फिरवून व नंतर मधोमध चिरून ८ मिलिमीटरची स्वस्त पद्धत प्रचारात आणली. पंचवीस फुटांच्या गुंडाळीत जेमतेम चार मिनिटांचे चित्रण होई. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी काय घ्यावयाचे याचा विचार करणे भाग पडे. टंचाईने लादलेली ही काटकसर हौशी चित्रकाराची पहिली शिक्षिका ठरली. मात्र या चित्रणाला ध्वनी नव्हता, आणि ही उणीव किती मोठी होती हे २२ नोव्हेंबर १९६३ रोजी दिसून आले. अब्राहम झॅप्रुडर या कापडव्यावसायिकाने डॅलस येथे घेतलेली केनेडीहत्येची फिल्म ४८६ चौकटींची, म्हणजे अवघ्या २६ सेकंदांच्या आसपासची आहे. पुरावा म्हणून तिचे मोल अपार आहे. तथापि मूक असल्याने गोळ्यांची संख्या व क्रम यांविषयीचा वाद तिने मिटविला नाही.

चुंबकीय फितीने ध्वनी व चित्र एकत्र आणले. सोनीचा वाहून नेता येणारा व्हिडिओसंच १९६७ च्या सुमारास बाजारात आला. भारतात १९८४ मध्ये अहमदाबाद येथे ‘सेवा’ या स्त्रीश्रमिकांच्या संघटनेत, मार्था स्टुअर्ट यांच्या प्रशिक्षणातून, ‘व्हिडिओ सेवा’ हा उपक्रम सुरू झाला. त्यातील अनेक स्त्रियांना लिहितावाचता येत नव्हते. तरीही त्या चित्रण व संकलन दोन्ही शिकल्या. येथील यंत्रे स्वस्तही नव्हती आणि खिशात मावणारीही नव्हती. म्हणूनच हे उदाहरण बोलके आहे: अडसर अक्षरज्ञानाचा नव्हता, आणि तो दूर झाला तो किमतीमुळे नव्हे, तर पद्धतशीर शिक्षणामुळे.

महाराष्ट्रातील साक्ष मालेगावची आहे. यंत्रमागांच्या या गावात शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट २००० मध्ये तयार केला. साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर, स्थानिक कलावंतांना घेऊन, लोकप्रिय चित्रपटांची विडंबने रचणारी एक परंपरा तेथे रुजली. फैझा अहमद खान यांच्या २००८ च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात तिचे दर्शन घडते. क्रेनच्या जागी बैलगाडी वापरण्याची तेथील युक्ती गमतीची वाटते. पण हलत्या कॅमेऱ्याची गरज ज्याला कथेतून उमगली आहे, त्यालाच बैलगाडीत क्रेन दिसते.

खरा खिशातला कॅमेरा २००७ मध्ये ‘फ्लिप’ या नावाने लोकप्रिय झाला. प्युअर डिजिटल या अमेरिकन कंपनीचे हे यंत्र दोनशे डॉलरांच्या आत मिळे. तासाभराचे चित्रण त्यात मावे आणि बाजूची यूएसबी दांडी उघडून ते थेट संगणकाला जोडता येई. चार मिनिटांची टंचाई संपली; तिच्याबरोबर तिने लावलेली काटकसरही संपली. मात्र नव्या मर्यादा आल्या. बाहेरचा ध्वनिग्राहक जोडण्याची सोय नव्हती. भिंग स्थिर अंतराचे होते. दूरचे जवळ आणण्याच्या कृत्रिम सोयीने प्रतिमा फाटे. हलके यंत्र हातात थरथरे.

या मर्यादांतूनच नवी शिस्त घडली. आवाज स्वच्छ हवा तर बोलणाऱ्याच्या दोन-तीन हातांवर उभे राहिले पाहिजे. प्रतिमा स्पष्ट हवी तर स्वतः पुढे सरकले पाहिजे. ती स्थिर हवी तर कोपर अंगाशी टेकवून, कॅमेरा न फिरविता, दहा सेकंद थांबले पाहिजे. माणसाचा चेहरा, त्याचे कामात गुंतलेले हात आणि सभोवारचे स्थळ ही स्वतंत्रपणे टिपली, तर पुढे संकलनात त्यांची कथा जुळते. एकाच लांब फिरत्या चित्रणातून ती सहसा जुळत नाही. चांगले चित्रकथन येथे यंत्राच्या गुणांपेक्षा सामीप्यावर, पर्यायाने समोरच्या माणसाच्या विश्वासावर, अवलंबून राहिले.

सिस्को कंपनीने २००९ मध्ये सुमारे ५९ कोटी डॉलरांना प्युअर डिजिटल विकत घेतली आणि एप्रिल २०११ मध्ये ‘फ्लिप’ बंद करण्याचे जाहीर केले. तोवर दूरध्वनीतच कॅमेरा आला होता. यंत्र गेले, शिस्त दूरध्वनीधारकांकडे वारशाने आली.

इतिहासाच्या अभ्यासकाला यातून एक जबाबदारी प्राप्त होते. सामान्यांच्या हातून निर्माण झालेली ही साधने विपुल आहेत, परंतु अल्पायुषी आहेत. झॅप्रुडरची फिल्म डोळ्यांसमोर धरली तरी काही दिसते; संगणकीय धारिका वाचणारे यंत्र नसेल तर ती पूर्णपणे मूक होते. कोणी, कोठे, कोणाच्या संमतीने चित्र घेतले याची नोंद चित्रणासमवेतच ठेवली नाही, तर उद्याच्या संशोधकापुढे चेहरे उरतील आणि साक्षीदार हरवतील. चित्रण स्वस्त झाले आहे. निवड, नोंद आणि जतन यांची किंमत मात्र अद्याप कोणीतरी मोजावीच लागते.