तोंडाचा पट्टा, हातातला पट्टा



गटाच्या बैठकीत एखादी बाई जरा जास्त बोलली की मागून कुणीतरी म्हणतंच, "सुटला हिच्या तोंडाचा पट्टा!" आपण हसतो आणि हप्त्याच्या हिशेबाला लागतो. पण हा पट्टा म्हणजे नेमका कोणता? हा कमरेचा पट्टा नव्हे, हा दांडपट्टा. लांब, सरळ, लवलवतं पातं, दोन्ही बाजूंनी धार आणि कोपरापर्यंत हात झाकणारं लोखंडी आवरण. त्यात हात घातला की मनगट वळत नाही. म्हणून पट्टा मनगटानं नाही, तर खांदा, कंबर आणि पाय यांच्या जोरावर फिरवावा लागतो. 2024 साली महाराष्ट्र शासनानं त्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं.

आपल्याकडे शस्त्राचा मान मोठा. मोरगावहून जवळच जेजुरी. तिथला खंडा आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल. पेशवाईतल्या पानसे सरदारांनी खंडोबाला वाहिलेली ही तलवार सुमारे एक मण, म्हणजे 42 किलोच्या आसपास भरते. दसऱ्याच्या उत्सवात ती एका हातानं तोलून धरायची, दातांनी उचलायची चढाओढ लागते. आपण बायका बहुधा कडेला उभ्या राहून पाहतो. या दसऱ्याला नावच 'मर्दानी दसरा'. कोल्हापूरच्या तालमींत लाठी, पट्टा, तलवार, विटा, फरीगदगा शिकवतात, त्यालाही नाव 'मर्दानी खेळ'. नाव ऐकलं की वाटतं, हे आपलं नाही.

इतिहास मात्र वेगळं सांगतो. आपल्याच पुणे जिल्ह्यात तळेगावच्या उमाबाई दाभाडे होऊन गेल्या. पती खंडेराव सेनापती होते. ते वारल्यावर मुलगा त्रिंबकराव सेनापती झाला आणि 1731 साली डभईच्या लढाईत पडला. त्यानंतर सेनापतीपदाचा भार उमाबाईंनी पेलला. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई मूळच्या मराठी घरातल्या, तांब्यांची लेक. लहानपणी बिठूरला त्या घोड्यावर बसायला आणि तलवार चालवायला शिकल्या. जून 1858 मध्ये ग्वाल्हेरजवळ लढता लढता त्यांना मरण आलं. त्या लढू शकल्या, कारण लहानपणी कुणीतरी त्यांना शिकू दिलं होतं.

आता जरा लांब जाऊ, जपानला. तिथेही लढवय्या घरांतल्या मुलींना 'नागिनाता' शिकवत. लांब दांड्याच्या टोकाला वाकडं पातं, असं ते शस्त्र. 1868 साली आइझु या भागात युद्ध पेटलं, तेव्हा नाकानो ताकेको नावाची विशीतली मुलगी बायकांची तुकडी घेऊन लढली आणि गोळी लागून पडली. लक्ष्मीबाईंनंतर अवघ्या दहा वर्षांनी.

पुढे दोन्हीकडे सामान्य माणसाच्या हातातून शस्त्र गेलं. जपानमध्ये 1876 साली तलवार कमरेला लावून फिरायला बंदी आली. आपल्याकडे 1878 साली इंग्रजांनी हत्यारांचा कायदा केला. दोन्हीकडे विद्या टिकली ती लाकडावर. जपानी लोक लाकडाच्या आणि बांबूच्या तलवारीनं सराव करत राहिले. आपले वस्ताद लाठीवर आणि फरीगदग्यावर शिकवत राहिले. फरी म्हणजे चामड्याची छोटी ढाल, गदगा म्हणजे चामड्यानं मढवलेली काठी.

फरक पडला तो पुढं. जपाननं ही विद्या शाळेत नेली. 2012 सालापासून तिथल्या माध्यमिक शाळेत ज्यूदो, तलवारबाजी यांसारखी एखादी युद्धकला मुलांप्रमाणे मुलींनाही शिकावीच लागते. इतकंच नाही, क्योटोसारख्या शहरात फिरायला आलेल्या परदेशी माणसालाही पैसे भरून तासा-दोन तासांचा धडा घेता येतो. त्यात बाईमाणूस, म्हातारंकोतारं, कुणीही चालतं. आधी पायघोळ पोशाख घालायचा. मग वाकून नमस्कार करायचा, गुरूला आणि तलवारीलाही. पुढं बराच वेळ नुसतं उभं राहणं आणि पाय सरकवणं. मग लाकडी तलवार हातात. ती म्यानातून काढायची कशी, परत घालायची कशी, हेच शिकण्यात वेळ जातो. काही ठिकाणी शेवटी खरी तलवार देऊन भिजवलेल्या चटईची गुंडाळी कापायला लावतात. पाहुणा घरी जातो तो त्या विद्येबद्दल आदर घेऊन, आणि त्याच्या फीमधून शिकवणाऱ्याचीही चूल पेटते.

आपल्याकडचा पहिला धडा यापेक्षा फार वेगळा नाही. आधी नमस्कार, मग पवित्रा, म्हणजे पाय कसे रोवायचे आणि अंगाचा तोल कुठं ठेवायचा. 'तिनं असा पवित्रा घेतला' असं आपण म्हणतो, तो शब्द आखाड्यातूनच आला. मग हातात लाठी. पट्टा फार पुढं येतो. पट्टा चालवण्यात मुरलेला माणूस जमिनीवर किंवा तळहातावर ठेवलेलं लिंबू कापतो आणि हाताला ओरखडाही येऊ देत नाही. ते जोराचं काम नव्हे, तोलाचं आहे. आणि तोल आपल्याला नवा नाही. डोक्यावर दोन आणि कमरेवर एक हंडा घेऊन चढ चढणाऱ्या बाईला तो वेगळा शिकवावा लागत नाही.

आज काही ठिकाणी मुली मर्दानी खेळ शिकतात, मिरवणुकीत लाठी फिरवतात. लोक टाळ्या वाजवतात. पण वर्षातून एकदा टाळ्या वाजवल्यानं विद्या जगत नाही. तिला रोजचा शिकणारा लागतो आणि वस्तादाला त्याचा मोबदला लागतो. अर्ध्या गावाला, म्हणजे आपल्या लेकींना, बाहेर ठेवलं तर शिकणारे आणायचे कुठून?

म्हणून गटापुढं दोन गोष्टी ठेवते. अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला सहल निघाली, तर आधी चौकशी करून एखाद्या आखाड्यात तासभर थांबा. नुसतं पाहू नका, लाठी हातात घेऊन बघा, आणि वस्तादांचा मान म्हणून काही द्या. दुसरी गोष्ट, शाळेच्या व्यवस्थापन समितीत आपल्या बायका आहेत. खेळाच्या तासाला मुलींना लाठी शिकवता येईल का, हा विषय मांडा. धारदार हत्याराला कायद्याची बंधनं आहेत, ती पाळायचीच. शिकायला लाठी पुरते.

आणि मांडताना कुणी म्हणालंच, "सुटला हिच्या तोंडाचा पट्टा," तर म्हणा, "हो, सुटला. आता हातातला शिकू द्या."